न पिताच झोकांड्या

४ फेब्रुवारी

धाकट्या,

सुरुवातीला काय लिहावं यात दोन कागद वाया गेले. ‘प्रिय’ लिहिलं आणि खोडलं. आशीर्वाद लिहिले, तेही खोडले. न मागता द्यायची मला सवय नाही. म्हणून नुसतंच धाकट्या.

तुझा पत्ता बाबांच्या बस डेपोच्या फोरमनकडून काढला. आधी त्यानं बरेच आढेवेढे घेतले. ‘त्यानं कुणाला देऊ नका म्हणून बजावलंय,’ म्हणाला. मी त्याच्या केबिनमध्ये स्टुलावर बसून राहिले. दीड तासानं त्यानं वहीचं एक पान उघडून माझ्यासमोर ठेवलं आणि स्वतः हात धुवायला निघून गेला. तेव्हा त्याच्यावर चिडू नकोस. माझ्यापुढे कुणाचंच चालत नाही, हे तुला माहीत आहे.

कामाचं आधी सांगते, म्हणजे बाकीचं वाचायचं की नाही ते तुझं तू ठरव. सोबत चार पानी फॉर्म आहे. त्यावर तीन ठिकाणी सही करून परत पाठवायचा. तुला कुठे यायचं नाही, काही द्यायचं नाही. ‘अभ्यास सुरू झाला तर मी त्यात भाग घेईन आणि एक नळी रक्त देईन’, एवढंच त्यात लिहिलंय.

अभ्यास कसला, ते तुला कळलं असेलच. बाबांच्या आजाराचं नाव समजलं तेव्हा मी फोरमनकडे चिठ्ठी दिली होती. बाबा गेले तेव्हाही दिली होती. दोन्ही तुला पोचल्या असं तो म्हणतो. खोटं बोलताना तो कान खाजवतो, आणि हे सांगताना त्यानं खाजवला नाही.

तरी पुन्हा लिहिते, कारण चिठ्ठी वाचून तू ती फाडली असणार. आजाराचं नाव अटॅक्सिया. डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर, लहान मेंदू असतो. तोल तो सांभाळतो. आपल्या घराण्यात तो वयाच्या चाळिशी-पन्नाशीत हळूहळू सुकायला लागतो. माणूस झोकांड्या खातो, जीभ जड होते, हातातला पेला हिंदकळतो. माणूस शुद्धीवर असतो, सगळं कळत असतं, आणि लोक त्याला दारुडा म्हणतात. बाबांना म्हणाले तसंच. कोण म्हणालं ते मी इथे लिहीत नाही.

आईबापांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला पन्नास टक्के शक्यता. औषध नाही. औषध नाही कारण आजार कसा पुढे सरकतो तेच कुणी नीट मोजलेलं नाही. मोजायचं तर तो ज्यांना आहे ती माणसं हवीत, आणि ज्यांना अजून काही झालेलं नाही अशी त्यांची भावंडंही हवीत. भावंडं म्हणजे तू. म्हणून हा फॉर्म. रक्तात काय निघालं ते तू विचारल्याशिवाय तुला कुणी सांगणार नाही, हेही त्यात लिहिलंय. तिसरं पान वाच.

अक्षर गिचमिड आलंय. पेन धड नाही.

ताई


२ मार्च

धाकट्या,

फॉर्म परत आला. कोरा. वर एक चिठोरी: ‘मला यात ओढू नकोस.’ अकरा वर्षांनी चार शब्द, म्हणजे अडीच वर्षांना एकही शब्द धड नाही. मी इथे मोठ्यांदा हसले, शेजारीण बघायला आली.

ओढलेलं नाही रे तुला. जन्मानंच तू यात आहेस.

हे पत्र टाईप केलेलं बघून नवल वाटेल. भूगोलबाईंच्या मशीनवर केलंय. त्या शाळेत भूगोल शिकवायच्या, आता चाकाच्या खुर्चीत असतात. त्यांनाही तोच आजार. आमच्या संघटनेचं ऑफिस म्हणजे त्यांच्या घरातलं जेवणाचं टेबल. संघटना म्हणजे त्या, मी, आणि एक निवृत्त पोस्टमनकाका, ज्यांच्या बायकोला आजार आहे. सभासद आणखी वीस आहेत, पण ते सहीपुरते.

काल आम्ही आरोग्य खात्यात गेलो. डॉक्टरही होती. ही पोरगी तिशीची आहे, हॉस्पिटलच्या तळघरात दोन खोल्यांत संशोधन करते. तिचा फ्रीज कान-नाक-घसा विभागाकडून उसना आणलेला आहे आणि ते लोक दर महिन्याला तो परत मागतात. तीन वर्षांच्या अभ्यासाचा प्रस्ताव तिनं लिहिला, आम्ही सह्या केल्या, आणि तो घेऊन उपसचिवांच्या दाराबाहेर पावणेतीन तास बसलो. त्या बाकाचा एक पाय आखूड आहे. कुणी उठलं की बाकीचे सगळे एका बाजूला कलंडतात.

उपसचिव चांगला माणूस आहे. त्याचाच राग येतो. वाईट असता तर भांडता आलं असतं.

‘किती पेशंट आहेत?’ त्यानं विचारलं.

‘आमच्या नोंदीत तेवीस.’

‘तेवीस? ताई, एवढी माणसं तर आमच्या लिफ्टसमोर उभी असतात.’

‘खरे पुष्कळ असणार,’ डॉक्टर म्हणाली. ‘पण आत्तापर्यंत कुणी मोजलेले नाहीत.’

‘मग मोजा.’

‘मोजायला माणसं लागतील, निधी लागेल. तोच तर मागतोय.’

‘निधीसाठी संख्या दाखवावी लागते.’

पोस्टमनकाका पुढे सरकले. ते म्हणाले, ‘साहेब, म्हणजे आधी मोजायचं आणि मग मोजण्यासाठी मागायचं?’

‘अगदी बरोबर!’ तो खुशीत म्हणाला. एकदाचं कुणालातरी समजलं याचा त्याला मनापासून आनंद झाला होता.

जिना उतरताना मी इतकी तणतणत होते की डॉक्टरनं माझा हात धरला. पोस्टमनकाका मात्र शांत. मधल्या मजल्यावर थांबले आणि म्हणाले, ‘मी तेहतीस वर्षं दारोदार फिरलोय. माणसं शोधायची कशी ते मला कळतं. आजाराचं नाव विचारत बसलो तर कुणी सांगणार नाही, कारण कुणाला ते माहीतच नाही. सरळ विचारायचं, इथला दारुडा कुठे राहतो.’

मी पिशवीतून वही काढली.

‘दहा घरी खरेच दारुडे निघतील,’ ते म्हणाले. ‘अकराव्या घरी आपला.’

दुसरा फॉर्म पाठवते आहे. हाही कोरा परत पाठवशील तर तिकीट तरी नीट चिकटव, मला दंड भरावा लागला.

ताई


१८ एप्रिल

धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. ‘सुरुवात कशी होते?’ खाली सहीसुद्धा नाही. म्हणजे परीक्षेत प्रश्न आल्यासारखा मी उत्तर लिहायला बसू? कुणाची सुरुवात? तुझी? तुला काही होतंय का? सरळ लिहायला काय जातं?

लिहितेच. सुरुवात जिन्यावर होते. उतरताना. वर चढताना काही कळत नाही. मग चालता चालता मान वळवली की पाय दुसरीकडे पडतो. मग शर्टाची बटणं. मग सही. बँकेतला माणूस म्हणतो, ही तुमची सही नाही.

बाबांची सुरुवात कुठे झाली ते तुला जास्त माहीत. तू त्याच डेपोत होतास.

आम्ही रविवारी फिरतो आणि मी कारखान्यातून सुट्टी मिळेल त्या शनिवारीही. पोस्टमनकाका पुढे, मी वही घेऊन मागे. त्यांचा अंदाज खरा ठरला, फक्त दहाला एक नाही, चौदाला एक. बाकीच्या तेरा घरांत आमचं जे स्वागत होतं ते लिहिण्यासारखं नाही. एका बाईनं वरच्या खिडकीतून ओरडून सांगितलं, ‘आमचा दारुडा मेला! आता दुसऱ्यांचा शोधा!’ काका टोपी काढून म्हणाले, ‘बाई, जाण्याआधी ते अडखळत बोलायचे का?’ तिनं खिडकी लावली. मग खाली आली. दार उघडून उंबऱ्यातच बसली आणि म्हणाली, ‘एक थेंब घेतला नाही हो त्यांनी जन्मात. मी सांगायचे. कुणी ऐकायचं नाही. मग मीही सांगायचं सोडलं.’ तिच्या दोन्ही मुलांची नावं वहीत आली. थोरला गवंडी आहे. परांचीवरून पडल्यापासून घरी बसून आहे. ‘हा प्यायलाय’ म्हणून ठेकेदारानं हिशोब न करताच काढून टाकलाय.

दुसऱ्या एका घरी माणसाला मागच्या खोलीत ठेवलं होतं. बायको म्हणाली, बाहेर गेला की पोरं दगड मारतात. तो आतून काहीतरी बोलला. मला कळलं, तिलाही कळलं, पण काकांना कळलं नाही. मी सांगितलं, ‘ते म्हणतायत, पाहुण्यांना खुर्ची दे.’ त्या माणसानं माझ्याकडे असं बघितलं की मी वहीत तोंड खुपसलं.

भूगोलबाई घरी बसून फोन करतात आणि भिंतीवरच्या नकाशात टाचण्या लावतात. त्यांची जीभ आता बरीच जड झालीय. परवा त्यांनी आरोग्य खात्यात फोन केला. तिकडचा कारकून म्हणाला, ‘बाई, शुद्धीवर आलात की करा.’ आणि ठेवून दिला. चाळीस वर्षं या बाईनं मुलांना नद्या आणि डोंगर शिकवले, त्यातलाच एखादा असेल तो. मी त्या कार्यालयात जाऊन त्याच्या टेबलावर हात आपटणार होते. बाईंनी मला थांबवलं. हळू, एकेक शब्द सोडवत म्हणाल्या, ‘त्याला. सोड. तू. टाचणी. लाव.’

बाईंचे फोन आणि आमची पायपीट मिळून आजपर्यंत आजाराची ऐंशी घरं वहीत आली.

माझ्या कामाचं विचारलं नाहीस, तरी सांगते. मी आता कटिंगच्या टेबलावर नाही. तपासणीला बसते. शिवून आलेल्या गणवेशांची बटणं ओढून बघायची. सोळा वर्षं कापडाच्या थरांवर खडू ओढून कंटाळा आला होता, बदल बरा वाटतो.

फॉर्म कुठाय?

ताई


९ जून

अरे गाढवा,

मी आत्या आहे! आठ वर्षं! आणि हे मला आज कळतं, तेही ‘मुलगी सायकलवरून दोनदा पडली, जिन्यावर एकदा, दूध सांडते, डॉक्टरांना विचार’ असल्या वाक्यात, जणू सगळ्या जगाला ती माहीत आहे! तिची आई कोण, लग्न कधी झालं, पोरीचे डोळे कुणासारखे, काही नाही. पत्र लिहिलंयस की गाडी दुरुस्तीला आल्याची चिठ्ठी?

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा चिडून. दुसऱ्यांदाही चिडून. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा ‘मी दिवसभर तिच्या पायांकडे बघत असतो’ या ओळीपाशी थांबले.

डॉक्टरला विचारलं. ती म्हणाली, ‘आठ वर्षांची मुलं पडतात, कारण ती आठ वर्षांची असतात.’ मग नीट समजावून सांगितलं. आजार एक पिढी गाळून उडी मारत नाही. तुला नसेल तर तिला असूच शकत नाही. तुला असेल तर तिलाही पन्नास टक्के. पण मुलांची तपासणी अशी कुणी उगाच करत नाही. मोठं झाल्यावर तिचं ती ठरवेल. तेव्हा तिच्या पायांकडे बघणं आधी बंद कर. तिला कळत असेल की बाप आपल्या पायांकडे बघतो. मुलांना सगळं कळतं. आई गेली तेव्हा आपल्याला कुणी काही सांगितलं होतं का? तरी आपण दोघं कपाटामागे जाऊन बसलो होतो.

बघायचंच असेल तर स्वतःकडे बघ. तुला जाणून घ्यायचं असेल तर रीतसर मार्ग आहे. आधी समुपदेशकाबरोबर दोन बैठका, मग तपासणी. जाणून घ्यायचं नसेल तर तोही तुझा हक्क आहे, मी एक शब्द बोलणार नाही. (बोलेन. पण मनात.)

इकडची हकीकत: एकशे पंचेचाळीस घरं. उपसचिवांकडे यादी घेऊन गेलो. यादी खुर्च्यांवर पसरून दाखवली. तो खरंच थक्क झाला. म्हणाला, ‘अप्रतिम. हे तपासून घ्यायला एक समिती नेमतो.’ पुढच्या आठवड्यात समितीचं पत्र आलं की यादी ठरावीक नमुन्यात नाही, डाव्या बाजूला समास कमी आहे. एकशे पंचेचाळीस घरं, धाकट्या. वर्षानुवर्षं दारं लावून बसलेली माणसं आम्ही बाहेर काढली, आणि यांना समास हवा.

भूगोलबाईंनी सगळं पुन्हा टाईप केलं. एका बोटानं. अकरा दिवस लागले. मी करते म्हटलं तर ऐकेनात. मी हात लावायला गेले तर हातावर चापट मारली, ती चुकून मशीनला लागली, आणि आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

पोरीचा फोटो पाठव. पायांचा नको, तोंडाचा.

ताई


२७ ऑगस्ट

धाकट्या,

फोटो मिळाला. फॉर्मही मिळाला, तिन्ही सह्यांसकट. आभार मानत नाही; सहा महिने लावलेस.

काल समितीपुढे सुनावणी झाली. त्याबद्दल तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मलाच लिहायला हवं. तू लांब आहेस, पण फोरमनला सगळं कळतं.

लांबलचक टेबल, पलीकडे सात जण. मध्ये अध्यक्ष, पांढऱ्या केसांचे, निवृत्त सर्जन. डॉक्टरनं पाऊण तास बोलायचं होतं, तिला बारा मिनिटं मिळाली. पोरगी घाबरली नाही. दोनशे सहा घरं, तीनशे एक्केचाळीस माणसं, भूगोलबाईंचा नकाशा भिंतीवर. सगळे ऐकत होते. मग अध्यक्षांनी चष्मा काढला.

‘समजा आम्ही निधी दिला. औषध कधी निघेल?’

‘सांगता येत नाही सर. दहा वर्षं. पंधराही लागतील.’

‘म्हणजे आज या खोलीत बसलेल्या कुणालाच त्याचा उपयोग नाही.’

त्यांनी हे कुत्सितपणे म्हटलं नाही. नुसतं विचारलं. पण डॉक्टर आपले कागद पुन्हा चाळू लागली, आणि काका खाली बघायला लागले. मी उभी राहिले. टेबलाला धरून उभी राहिले.

‘बरोबर आहे,’ मी म्हणाले. ‘मला तर त्याचा उपयोग नाहीच होणार.’

‘तुम्हाला?’

‘मला हा आजार आहे. दीड वर्षापूर्वी तपासणी झाली.’

काकांनी झटकन मान वर केली. त्यांनाही सांगितलं नव्हतं. फक्त डॉक्टरला माहीत होतं.

‘मग तुम्ही कशासाठी एवढी धडपड करता?’

‘माझ्या भावाची मुलगी आठ वर्षांची आहे,’ मी म्हणाले. ‘पंधरा वर्षांनी ती तेवीस वर्षांची होईल. तेव्हा तिला गरज पडली आणि ती इथे आली, तर तुमच्या खुर्चीत बसलेल्या माणसानं तिला पुन्हा पंधरा वर्षं सांगू नयेत. आज सुरुवात केली नाही तर तो तेच सांगेल.’

 मग अध्यक्ष म्हणाले, ‘बसा.’ आणि शिपायाकडे बघून, ‘पाणी द्या त्यांना.’ पेला आला. मी तो उचलला नाही. का, ते तुला कळेल.

तर असं आहे. पेन धड होतं. कटिंगच्या टेबलावरून मला कंटाळा आला म्हणून काढलं नाही. खडूची रेघ वाकडी जायला लागली आणि एकदा अख्ख्या थराच्या बाह्या आखूड कापल्या गेल्या. सुपरवायझरनं मला वाचवलं, तपासणीला बसवलं. तुला सांगितलं नाही, कारण तू दयेपोटी सही करशील अशी भीती होती. मला दयेपोटी केलेली सही नको होती. मला तुझा राग परवडला असता.

आता आणखी एक. हे लिहायला मला आजचा सबंध दिवस लागला, आणि हात वाकडा आहे म्हणून नव्हे.

तू डेपोत लेखी दिलंस की बाबा पिऊन गाडी चालवतात. त्यांना गाडीवरून उतरवलं आणि धुलाईला लावलं. सव्वीस वर्षं बस चालवलेला माणूस होजपाइप घेऊन दुसऱ्यांच्या बस धुवायला लागला. या गोष्टीवरून मी तुझं तोंड बघितलं नाही. तुला घरातून घालवलं असंच म्हण.

पण त्याआधी दोन महिने मी त्यांचं कपाट शोधलं होतं. डब्याची पिशवी, गादीखाली, पाण्याच्या टाकीमागे. बाटली मिळाली नाही. मिळाली नाही म्हणून मला वाटलं, लपवण्यात हुशार झालेत. मॅनेजरनं मला बोलावून विचारलं, ‘तुम्हाला काय वाटतं? पितात का?’ मी म्हणाले, मला माहीत नाही. बाबा बाहेर बाकावर बसले होते, दार उघडं होतं.

तू जे समजलास तेच मी समजले होते. तू लिहून दिलंस, मी नाही. एवढाच फरक, आणि त्या फरकावर मी अकरा वर्षं तोऱ्यात काढली.

त्यांना गाडीवरून उतरवलंस ते योग्यच होतं. मागे पन्नास माणसं बसलेली असायची. कारण चुकलं, धाकट्या. खरं कारण तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

समितीचा निर्णय कळवतील म्हणे. कधी, ते विचारायचं नाही.

ताई


३० ऑक्टोबर

धाकट्या,

तुझ्यापुढे मी हात टेकले!

नऊ तास प्रवास करून अभ्यासाच्या शिबिराला आलास. रक्त दिलंस. नोंदवहीत सही केलीस, वळणदार, दिसली मला. आणि मी शेजारच्या खोलीत माणसांना रांगेत बसवत होते, तेव्हा मागच्या दारानं निघून गेलास! नर्स म्हणते, ‘ते म्हणाले, ताईंना त्रास नको.’ त्रास! सबंध आयुष्य त्रास दिलास आणि नको तिथे सभ्यपणा आठवला.

काकांनी तुला फाटकापाशी गाठलं हे बरं झालं. त्यांनी सांगितलेलं सगळं मी इथे उतरवून ठेवते, म्हणजे तुला नाकारता येणार नाही. त्यांनी विचारलं, ‘बहिणीला भेटणार नाही?’ तू म्हणालास, ‘ती चालताना मला बघवणार नाही.’ ते म्हणाले, ‘माझी बायको चार वर्षं चाललेली नाही. मी रोज बघतो. बघवतं. सवय लागते.’  मग तू म्हणालास, ‘काका, मी बाबांना शेवटचं बघितलं ते होज धरून उभे असताना. त्यांनी मला हात केला. मी वर्कशॉपचं दार लावून घेतलं.’ आणि बस आली म्हणून चढलास.

हे मला सांगायचं सोडून काकांना सांगितलंस. असो. ते आयुष्यभर लोकांची पत्रंच पोचवत आले.

शिबिर झालं म्हणजे काय ते तुला कळलंच असेल: मंजुरी आली. मागितलं त्याच्या निम्मं, आणि तीन वर्षांऐवजी दोन. पत्रात डॉक्टरचं नाव चुकलंय आणि आजाराचंही. पण सही खरी आहे, शिक्का खरा आहे. कान-नाक-घसावाल्यांनी त्याच दिवशी फ्रीज परत मागितला, आणि या वेळी डॉक्टरनं तो खुशाल देऊन टाकला. भूगोलबाईंना पत्र वाचून दाखवलं. त्यांनी चुका सांगितल्या, शिक्षिकेसारख्या, आणि मग तोंड भिंतीकडे वळवून रडल्या.

तुला निकाल हवा की नको, मला माहीत नाही. मी विचारत नाही. बघ, एक शब्द बोलले नाही.

ताई


१९ जानेवारी

धाकट्या,

तुझं पत्र कारखान्याच्या पत्त्यावर का पाठवलंस? तपासणीच्या टेबलावर, गणवेशांच्या ढिगाऱ्यात मी ते उघडलं. दुसऱ्या पानावर ‘मला नाही’ वाचलं आणि टेबलावर डोकं टेकलं. सुपरवायझर धावत आली, तिला वाटलं मी पडले. मी तिला सांगितलं, माझ्या भावाला नाही. म्हणजे पोरीलाही नाही. तिला काही कळलं नाही, पण तिनं माझी पाठ थोपटली, आणि शेजारच्या दोघींनी माझ्या वाटचे शर्ट त्या दिवशी तपासून टाकले.

मग घरी येऊन पुढची पानं वाचली आणि माझं टाळकं पुन्हा सटकलं.

‘ताई, तुला आहे आणि मला का नाही?’ अरे, हा काय प्रश्न झाला? शाळेत नंबर काढलेत का? मी चांगली म्हणून मला, तू वाईट म्हणून तुला सुटका, असं काही नसतं. डॉक्टरला विचार, ती सांगेल. नाणं उडालं, माझं एकीकडे पडलं, तुझं दुसरीकडे. त्यात तुझा गुन्हा नाही आणि माझा पराक्रम नाही. चार पानं तू ‘मला हे मिळायला नको होतं’ लिहिलंयस. बाबांनी ऐकलं असतं तर होजपाइप तुझ्यावर धरला असता. त्यांना तू हवा होतास, धडधाकट. शेवटच्या वर्षात ते काय बोलायचे ते फक्त मला समजायचं, आणि त्यातलं निम्मं तुझ्याबद्दल असायचं. त्या पोरानं जेवण वेळेवर करावं, असलंच काहीतरी. तुला ते आजवर सांगितलं नाही, ही माझी चूक. आता सांगितलं.

आता रडून झालं असेल तर ऐक.

पोस्टमनकाकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, ते सहा महिने फिरणार नाहीत. मी आता काठी घेते. जिना असेल तर खालीच थांबते. भूगोलबाईंच्या नकाशात उत्तरेकडचे दोन जिल्हे अजून पांढरे आहेत, एकही टाचणी नाही. तिकडे आजार नाही असं नव्हे, तिकडे कुणी गेलेलंच नाही. दोन वर्षांत घरं दुप्पट झाली तरच निधी पुढे चालू राहील, असं उपसचिवांनी कळवलंय. समास सोडून.

तुला गाडी चालवता येते. तुला जिने चढता येतात. तुझी जीभ साफ आहे, फोनवर कुणी तुला दारुडा म्हणणार नाही. आमच्यात असा माणूस एकही नाही. तेव्हा तुझे पाय आता नुसते तुझे नाहीत, हे लक्षात ठेव आणि वर्कशॉपमध्ये शनिवारच्या सुट्टीचा अर्ज दे. पोरीला आणि तिच्या आईला माझ्याकडे सोड. आम्ही भूगोलबाईंकडे बसून फोन करू. पोरगी मोठ्यांदा बोलते असं लिहिलंयस, आम्हाला तसंच कुणीतरी हवंय.

बूट चांगल्या तळव्यांचे घाल. पहिल्याच वस्तीत एकशे बारा पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. मला तिथे चढायला माणूस हवाय, रडायला नाही.

ताई